झेल

आमच्याकडे ओळ गिऱ्हाईक देतं.
बाकावरून अंगठा वर करून म्हणतं, "तकबेल!"
म्हणजे झेल.
मी म्हणतो, "इशी," म्हणजे बरं, दादा,
आणि त्याची ओळ माझ्या गळ्यातून काढतो
चालीत बसवून, वर एक मुरकी फुकट.

गोंदरमध्ये, किल्ल्याखालच्या उतारावर,
पत्र्याच्या या खोलीत एकोणतीस वर्षं झाली.
मसिंको तीच. चौकोनी डबा, बकरीचं कातडं,
घोड्याच्या शेपटीच्या केसांची एकच तार.
एकच तार असली की
बेसूर झाल्याचं खापर दुसरीवर फोडता येत नाही.

माणूस दारात आला की आधी मी त्याचे बूट बघतो.
मग सोबतची बाई कशी बसली,
त्याच्याकडे तोंड करून की भिंतीकडे.
मधाच्या दारूचा पहिला घोट उतरेपर्यंत
माझी पहिली ओळ तयार लागते.
टकल्याला म्हणायचं, आज चंद्र लवकर उगवला.
कंजुषाला दानशूर म्हणायचं, तीनदा.
तिसऱ्यांदा तो खिशात हात घालतोच.
नोट कपाळावर चिकटवतात. घामानं बसते.

बाप सांगायचा, वर मेण ठेव, आत सोनं.
गिऱ्हाइकाच्या हातात मेण द्यावं,
ज्याला ऊब असेल तो वितळवून घेईल.
म्हणून मुलीचं नाव वर्कनेश.
तू सोनं आहेस.
ती बैरुतला असते, सातव्या मजल्यावर,
दुसऱ्यांच्या बाल्कन्या धुते.
त्याआधी इथे गायची, या कोपऱ्यात, खांदे उडवत.
तिच्यासारखा ताल माझ्यात नाही.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी अतो सिसाय आला, सिमेंटवाला.
सोबत पाच जण, पाचही हसायला आणलेले.
चौथ्या सुरईनंतर अंगठा वर.
"तकबेल!
मसिंकोवाल्याच्या घरात म्हणे सोनं होतं,
परक्याच्या न्हाणीत आता पितळ घासतं!"

ओतणाऱ्या पोरीचा हात हवेतच राहिला.
मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
नवे होते, टाच एकीकडे झिजलेली नव्हती,
म्हणजे चालत नाही हा फारसा.

"इशी," म्हटलं.
गायलो. दोनदा.
दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत,
मागच्या बाकांनी काय घोडं मारलंय?
मग आपली एक जोडली:
"घासणारीनं घासलं, दादा, मन लावून घासलं,
पितळ उघडं कुणाचं पडलं?"

खोली फुटली. पाचांतले तीन हसले, मग दोघं घाबरून.
सिसाय सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्यानं.
दोन नोटा लावल्या त्यानं माझ्या कपाळावर
आणि अंगठा जरा जास्त वेळ दाबून ठेवला.

कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं.
सकाळी फोन आला. तिकडे नळ चालू होता.
मी काय बोलायचं ते रात्रभर जुळवून ठेवलेलं:
पोटाचं काम आहे, पोरी, शब्द झेलायचे असतात,
घरचं-दारचं असं काही,
म्हणजे, तू,

"अब्बाये," ती म्हणाली,
"दुसऱ्यांदा घेताना रेंगाळलात. 'परक्याच्या'वर."

मग नळ बंद करून
तिनं ती ओळ म्हणून दाखवली,
मालकीण उठू नये इतक्या हळू,
बादलीच्या बुडावर बोटांनी ठेका धरून.

तिची बरोबर होती.
"इशी," मी म्हटलं,
आणि तार सैल केली, नव्यानं लावायला.