पेर्नाउ

उर्मास चिमट्यानं तिकीट उचलतो, दिव्याखाली धरतो.
सोव्हिएत कामगाराचा चेहरा,
त्याच्या कपाळावर काळ्या शाईत, जरा तिरकं:
पेर्नाउ, आठ जुलै एक्केचाळीस.

भिंगातून अक्षरांचे पाय मोजतो,
बनावटीत ते आखूड असतात.
डिंक शाबूत. कडेचा एक दाता तुटका.
"अस्सल."

आल्विने चहा ढवळत बसलेली.
त्या आठवड्यात टपालकचेरीत ती होती,
सतरा वर्षांची, शिक्क्याला शाई लावायला.
तिकीट जिभेपाशी नेते,
थांबते.

"खरंच आहे. ही शाई महिनाभर
माझ्या नखांत होती.
पण खिडकीशी आलेला प्रत्येक जण
पार्नूच म्हणायचा,
हळू आवाजात."

वहीत शेऱ्याचा रकाना एवढासाच.
उर्मास पेन्सिलीला टोक काढत राहतो.