मापाची वही

मुहर्रकच्या बाजारात, अत्तरवाल्याच्या पाठीमागे
माझं मशीन आहे.
खुलूद पहिल्यांदा आली तेव्हा
कंबर पंचवीस, चड्डी भावाची.
म्हणाली, लाथ वर जाते आणि शिवण जाते.
मी बाजूला चीर ठेवली.

नंतरचं सगळं वहीत आहे.
सव्वीस. मांडी दोन इंचांनी वाढली.
एका पानावर फक्त 'घाई, उद्या विमान'.
पुढच्यावर चोवीस.
तेव्हा ती हरून आली होती,
जबडा तारेनं बांधलेला,
आणि मी टेप लावत असताना
आरशाकडे पाठ करून उभी.

पट्टा जिंकला त्या साली
साटीन, सोनेरी. सुई दोनदा मोडली.
पेपरातल्या फोटोत माझी शिवण दिसते.
कात्रण काही लावलं नाही,
गिऱ्हाईक उगाच गप्पा मारत बसतं.

काल आली. गुडघ्यात कळ, एकेक पायरी.
टेबलावर टाकल्या जुन्या सगळ्या चड्ड्या,
ती सोनेरीसुद्धा.
म्हणाली, उसवा.
हिद्दला, मासळीच्या गोदामामागे
संध्याकाळी पोरी येतात माझ्याकडे,
कुणाची आई केरळची, कुणाची चितगावची,
एक तर तुमच्या रत्नागिरीकडची,
लाथ तिची सगळ्यात वाईट,
पण मागे हटत नाही.

मापं? मी विचारलं.
माहीत नाहीत. वाढतायत.
नाडी लांब ठेवा.

रात्री सोनेरी कापड उसवलं,
आत घामाच्या मिठाची पांढरी रेघ.
ती धुतली नाही.
चीर मात्र प्रत्येकीला ठेवली,
चांगली वीतभर.