नमुना

खाडीला ओहोटी लागली की रास अल खैमाच्या या तळमजल्यावर
सुकटीचा आणि डिझेलचा वास चढतो.
मी खिडकी लावून घेतो. नाक कामाचं आहे.

एकवीस वर्षं झाली.
बंदरात पकडलेला माल येतो: लाखेवर शिक्का, अरबीत तारीख,
कधी धाऊचं नाव, कधी नुसता नंबर.
मी, अंबादास खरमाटे, रसायन साहाय्यक,
कात्रीनं पिशवी उघडतो.
यंत्र नंतर. आधी श्वास.

पहिल्या हिवाळ्यात एक काळा गोळा आला होता,
चामड्याच्या खोळीत. शेकोटीचा धूर, ओली लोकर,
अक्रोडाची हिरवी साल.
फहीमगुल स्टुलावर बसला तो बसलाच.
आमच्या डोंगरापलीकडचा, म्हणाला,
आणि दरीचं नाव असं घेतलं
जसं कुणी वारल्याचं फोनवर सांगावं.

मग आली ती लांब, सोनेरी, शेंगेसारखी,
देठाशी कैरीचा चीक, मागाहून मिरी.
आणि एकदा, कॉफीच्या पोत्यात,
चपटा, पायांनी तुडवून खळ्यावर वाळवलेला.
मी पिशवी लगेच बंद केली.
तो वास माझ्या चुलत्याच्या धोतराचा होता.

गेनूचुलता, नगरकडे, परवान्याच्या शेतात
नर उपटायला जायचा.
डोळ्यानं नाही कळत रे, म्हणायचा, आंगठ्यानं कळतं.
एक नर राहिला की सगळं रान बियाळ.
परवाना गेला, रान गेलं, आंगठा तेवढा राहिला.
तो भिंतीवरच्या चुन्यात रुतवत
म्हातारा बसून असायचा.

मी कधी ओढली नाही. साधी विडीसुद्धा.

आता येतात ती चकचकीत पाकिटं,
केकची नावं, आइसक्रीमची नावं,
आणि उघडलं की तोच वास:
लिंबू, पेट्रोल, गोड च्युइंगगम.
हा कुठल्या मुलखातून आला, तो कुठून, विचारायची सोय नाही.
कुठल्यातरी बंद खोलीत, जांभळ्या दिव्याखाली
कुणीतरी सगळ्यांची सगळ्यांशी सोयरीक लावली
आणि आता गोत्र विचारावं तर एकच.
नर तर नाहीतच. बी नाही.
आकडा मात्र तिप्पट.
पूर्वी यंत्राच्या कागदावर रेघ चढायची उतरायची,
इथल्या जबल जैसच्या कडेसारखी, लहानमोठ्या कितीतरी टेकड्या.
आता सपाट वाळू आणि मधोमध एक टॉवर.

आमच्यात म्हणतात, तुळशीत भांग उगवली.
भांगेतली भांग गेली तर काय म्हणायचं,
त्याला म्हण नाही.
अहवालात रकानाही नाही. वजन, रंग, टक्के, सही.
आणि या शहरात ही हळहळ
मोठ्यानं बोलावी अशीही नाही.
शिवाय प्रत्येक पिशवीमागे कुणीतरी आत गेलेला असतो.
त्याला आई असेल. मला फक्त नंबर कळतो.
त्याच्यापुढे एका वासाचं दुःख
कितीसं, हेही मी स्वतःला विचारून झालंय.

मागच्या महिन्यात जुना खटला निघाला.
गोदामातून फेरतपासणीला पिशवी आली, एकवीस वर्षांपूर्वीची,
माझीच सही, तेव्हाची, तरुण, तिरकी.
वास उडून गेलेला. भुसा.
तळाशी एक बी, राखाडी, वाघाच्या पाठीसारखे पट्टे.
चिमट्यानं तराजूत ठेवली तर
घरंगळून काठाशी गेली आणि थांबली.
फहीमगुलनं माझ्याकडे पाहिलं.
मी आंगठा पुढे केला, मग मागे घेतला.
बी: एक. वजन: बारा मिलिग्रॅम.
लाख वितळवली. शिक्का मारला.

भट्टीत बी फुटते तेव्हा लाहीसारखा आवाज होतो,
असं चुलता सांगायचा.
त्या गुरुवारी मी भट्टीपाशी उभा होतो,
साक्षीदार म्हणून सही लागते.
पंख्याचा आवाज फार होता.