टिटवी छाप

बनवणं बंद होऊन सव्वीस वर्षं झालीत त्याला.
हे मला कळलं रविवार पेठेत,
जिथे मी नुसताच विचारायला गेलो होतो:
घडीचा चाकू, तीन इंची, मूठ शिसवी,
पात्याच्या बुडाशी टिटवी.
दुकानदार बिलावरून मान न काढता म्हणाला,
"मिळायचे तेव्हा कुणी विचारत नव्हतं."

मग मी विचारतच सुटलो.

अजीज शिकलगार सायकल स्टँडवर चढवून
कुणाच्या तरी कात्रीला धार लावत होता.
ठिणग्यांच्या आडून बोलला:
पाठीची पट्टी बघा आधी, पातं नंतर.
पातं काय, सगळेच बघतात.
उघडताना अर्ध्यावर थांबलं पाहिजे जरासं,
पाहुणा उंबऱ्यात थांबतो तसं.
आणि मिटताना टक्क.
टक् नाही हां. टक्क.
आणि लांबी नखाच्या खाचेपासून मोजा,
आम्हीच घासून घासून
निम्मे चाकू खाऊन टाकलेत.

घरी येऊन वहीचं पान भरलं.
पहिल्या मालाला आतून पितळी अस्तर,
मधल्याला पत्रा,
शेवटच्या वर्षी मूठ प्लास्टिकची, तो फुकट दिला तरी नको.
खऱ्या टिटवीला दोन पाय, नकलीला एकच.
"लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीत,"
बायको म्हणाली,
विळीवर पेरू चिरता चिरता.
त्या पेरूसाठीच तर हवा होता चाकू.
पर्वतीच्या पायऱ्या उतरून बाकावर बसायचं,
खिशातून काढायचा, चार फोडी करायच्या,
एवढंच होतं डोक्यात.

हडपसरला कारखान्याच्या जागी आता
चौदा मजले आणि तळाला जिम.
वॉचमनला टिटवी ठाऊक नव्हती.
समोरच्या चहावाल्याला मालन भोकरे ठाऊक होत्या.

मालनबाई मांजरीला, लेकीकडे.
रिव्हेटिंगला अकरा वर्षं.
काही न विचारता त्यांनी हवेतच एक चाकू मिटून दाखवला,
अंगठा आपसूक बाजूला झाला.
"मी डावखुरी. माझी रिव्हेट कलती बसायची.
सुपरवायझर ओरडायचा, ही बघा मान वाकडी करून बसली.
बसू दे की. सुटली का एक तरी?"
घरात आहे का एखादा, मी विचारलं.
हसल्या.
"गेटवर झडती असायची.
आणि विकत म्हणाल, तर तीन दिवसांचा पगार."
लेकीनं चहा आणला.
बशीत ओतताना त्यांचा डावा हात थोडा थरथरला,
मी वहीत तेही लिहिलं, का कोण जाणे.

रविवारी जुना बाजार.
गंजलेले नळ, टेलिफोनची एक तबकडी, एकेकटे बूट,
आणि त्यांच्यात तो.
दोन पाय. पितळ. अर्ध्यावर थांबला.
टक्क.
माणूस नऊशे म्हणाला, सातशेवर आला,
मी घासाघीस केली नव्हती, गप्प होतो फक्त.
चष्मा कपाळावर सरकवून
रिव्हेट डोळ्यांजवळ नेली.
सरळ होती. मधोमध, शिस्तीत.
मी चाकू परत ठेवला.

"खोट काय आहे त्यात?"
काही नाही, म्हटलं. खरंच काही नव्हती.

असे आता चार सोडलेत.
त्यातला एक तर कोरा, मेणकागदात गुंडाळलेला.
अजीज म्हणतो, तुम्हाला चाकू घ्यायचाच नाहीये साहेब,
तुम्हाला नाद लागलाय.
घ्यायचा आहे.
बुधवारी पुन्हा जाणार आहे,
या वेळी भिंग घेऊन.

पेरूंचा मोसम संपत आलाय.