दहावी ब, तिसरा तास

उशिरा आली शाहिस्ता झारेकरी,
ओढणीच्या टोकाला ओला गाळ,
आणि बसली खिडकीशी,
जिथून भद्रकालीतले पत्रे दिसतात.

मी फळ्यावर लिहीत होतो:
तांबं अधिक नायट्रिक आम्ल,
मग बाण,
मग पलीकडे जे काय होतं ते.
म्हटलं, मोजा. डावीकडे जितके, उजवीकडे तितकेच.
पुढचा आकडा तुमचा, हवा तेवढा वाढवा.
पायाशी लिहिलेल्या बारीक आकड्याला मात्र
हात लावायचा नाही.

लावतात. दरवर्षी कुणीतरी लावतं.
परवा येवलेकरांच्या सुयोगने
पाण्याला एक ऑक्सिजन जास्तीचा चिकटवला,
हिशेब चोख जुळला,
पेल्यात मात्र पाणी उरलं नाही,
जखम धुवायचं औषध झालं.
"पी आता," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही.

शाहिस्ताला बोलावलं फळ्याशी.
खडू धरून उभी राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, सर, हे आमच्या घरी होतं.

पहाटे पाचला सराफ बाजार झाडते तिची आई.
बंद शटरांच्या पायऱ्या, फरशांच्या फटी, गटाराचं तोंड.
कानस मारताना जे उडतं,
गिऱ्हाइकाच्या चपलेला लागून जे निघून जातं,
ते सगळं पाटीत,
पाटी पाण्यात,
पाणी गोल गोल, गोल गोल,
आणि तळाशी चिमूटभर जड, काळं काही.
त्यावर आम्ल.
तांबं विरघळतं, निळंहिरवं होऊन जातं,
सोनं बसून राहतं
मुंगीच्या डोक्याएवढं.

"हरवत नाही सर काही," ती म्हणाली,
"गटारात असतं."

द्रव्य अक्षय्यतेचा नियम
वीस वर्षं पाठ करून घेतोय मी मुलांकडून.

मग तिने आकडे घातले.
आम्लाआधी चार.
"चार? अम्मी तर अंदाजानं ओतते."
पाण्याआधी दोन.
त्या तपकिरी वायूआधी तीन,
बोटाने पुसून दोन.
जुळलं.

"बाण राहिला," मी म्हणालो.
वायू निघून जातो, म्हणून त्याच्या शेजारी
वर तोंड केलेला छोटा बाण काढतात.
"निघून कुठे जातो?"
हवेत.
"आमची खोली दहा बाय दहा आहे."

खिडकी उघडी ठेवत जा म्हणावं अम्मीला.
"उघडली की शेजारचे भांडतात.
त्यांना खोकला येतो."
अम्मीला येतो की नाही
ते तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
आमच्याही प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा
तीन वर्षं बंद आहे, अर्ज दिलेला आहे.

त्या नियमात एक अट असते: भांडं बंद हवं.
पुस्तकात एका ओळीत येते ती.
मी ती घाईत वाचतो,
घंटा व्हायची असते.
त्या दिवशी घंटाही लवकर झाली नाही.

सहामाहीत हेच समीकरण आलं.
तिच्या पेपरात चार, दोन, दोन,
अक्षर टपोरं, खाडाखोड नाही.
बाण मात्र काढलाच नव्हता.

अर्धा गुण कापायचा असतो त्याला.
लाल पेनाचं टोपण काढून
मी डावी बाजू पुन्हा मोजली,
मग उजवी,
मग पुन्हा डावी.