आरसा वर असताना

आमच्या पेपरच्या छापखान्यात ‘ळ’चा खिळा नव्हता.
म्हणून घरी, दौलतगंजात, मी पिंगळे
आणि फोटोखाली पिंगले,
तेवीस वर्षं.

सुरुवात हॉकीनं झाली.
मैदानावर गवत नव्हतंच, नुसता लाल मुरूम;
चेंडूच्या आधी धूळ यायची.
गोलखांबापासून हातभर अंतरावर पोतं टाकून मी बसायचो,
सेकंडहँड लेन्स गोलरेषेवर रोखून,
रोलमध्ये छत्तीस फ्रेम,
त्यातल्या बारा रात्रीच्या लग्नासाठी राखलेल्या.

सक्सेनाजी म्हणायचे, दिसला की उशीर झाला.
दिसायच्या आधी दाब.

बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा उचलला जातो.
डोळ्यापुढं काळोख, पापणीहून छोटा,
आणि नेमकं तेव्हाच फिल्मवर उजेड पडतो.
म्हणजे मी जे टिपलं
ते मी पाहिलेलं नाही.
हे मला फार उशिरा, एका बशीकडं बघताना कळलं;
ते पुढं येईल.

मिलच्या टीमचा गोलकीपर रतीराम कुशवाह.
पहिली पाळी मागावर, संध्याकाळी दोन खांबांत.
पॅड जुन्या गोधडीचे, बायकोनं शिवलेले.
सेमीफायनलला तो डावीकडं झेपावला,
पंजा उघडा, बोटांशी चेंडू,
मागं किल्ल्याची धुरकट कड.
मी दाबलं. मागून आरडाओरडा उठला.
पान साडेपाचला जायचं, सायकल काढली.
त्या फोटोला भोपाळहून बक्षीस आलं,
तीनशे एक रुपये आणि शाल.
खाली ओळ होती : रतीरामचा अचूक बचाव.

मग मिल बंद झाली.
खेळाचं पान अर्धं झालं
आणि मला हजिऱ्याच्या फाटकावर पाठवलं.
तिथं काहीच हलत नव्हतं.
कुलूप. कुलपासमोर माणसं.
हजारावरचं शटर मी साठावर आणलं,
तरी कळेना, दाबायचं कधी?
विड्या, माठ, सवयीनं आणलेले डबे,
भोंगा नसतानाही बाराला उघडलेले.
एकोणीस दिवस
‘जरा असेच थांबा’ म्हणायची गरज पडली नाही.

विसाव्या दिवशी लाठ्या आल्या
आणि बोटानं जुनं काम केलं.
दिसायच्या आधी.

आमची न्हाणी हीच डार्करूम.
लाल दिव्याखाली तबकात आधी हात उगवला,
मग खांदा, मग तोंड.
तोंडाची वाट न बघता मी ओळखलं होतं.
तसाच, डावीकडं, पंजा उघडा,
फक्त चेंडूच्या जागी लाठी.

पानावर जागा तीन कॉलम.
लाठी चौथ्यात जात होती.

सकाळी शहरानं पाहिला तो उगारलेला हात.
खाली : उपद्रवी मजूर. छायाचित्र : पिंगले.
त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं
की तो माणूस मी नव्हतो.

तो जामिनावर सुटला तेव्हा मी घरी गेलो.
दोन्ही प्रिंट नेल्या, न कापलेल्या.
म्हटलं, वकिलाला दाखवा, हात तोच आहे,
अडवणारा.
त्यानं लाठीचा फोटो खाटेवर उपडा ठेवला.
हॉकीचा दाराशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ.
बायकोला हाक मारून पॅड दाखवले. ती हसली.
मग म्हणाला,
“पिंगलेजी, हा तर गोल झाला होता.
बोटाला लागून आत गेला. तीन-दोननं हरलो.”

मी त्या खांबापासून हातभर अंतरावर होतो.

चहा आला.
दुसऱ्या फोटोत पुढं काय झालं
हे मी विचारलं नाही.
त्यानं बशी उचलली, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं
वळत नव्हती.