कुठलं पाणी

मार्थाआत्याला डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे,
दोन वर्षं, फार तर अडीच.
ती जालन्याच्या स्टँडवर उतरली, अर्धा किलो पेरू घेतले,
मिशन कंपाउंडमधल्या खोलीत आली
आणि खिडकीपाशी शास्त्र उघडून बसली.

जायकवाडीचं पाणी चढण्याआधी
तिच्या माहेरच्यांनी घराच्या चौकटी उपटल्या होत्या,
कड्या, कोयंडे, तुळया, उंबरासुद्धा,
आणि बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेल्या होत्या.
तसं ती एकेक वचन उपटून आत नेत होती.
रोज पाच ओळी. सणासुदीलाही.
भाकरी थापता थापता ओठ हलायचे,
चुकलं की पिठाच्याच हातानं कपाळावर मारून घ्यायची.
त्या वर्षी नाताळच्या उपासनेलाही
तिच्या कपाळावर ज्वारीचं बोट होतं.

मी नऊ वर्षांचा. रविवारच्या शाळेतला ढ.
मलाही समोर बसवायची:
एक वचन, एक पेरू. मीठ जास्तीचं.
त्या दिवशीचं वचन संदेष्ट्याचं होतं,
खोल पाण्यातून चालण्याचं.
मी विचारलं, "आत्या, कुठलं पाणी?
कुंडलिकेत म्हशीचे खूर भिजंनात.
टँकर परवापासून आला नाही."
तिनं दातातलं पेरूचं बी काढलं.
"येईल," म्हणाली. "तू पाठ कर."

मी अर्धं पाठ केलं. पेरू पूर्ण खाल्ला.

मग सळयांच्या कारखान्यात नोकरी, लग्न, हप्ते.
शास्त्र कपाटात, वरच्या फळीवर,
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली.
मोबाइलमध्ये होतंच की सगळं,
लागेल तेव्हा शोधू.

तबिथाच्या प्लेटलेट्स अकरा हजारांवर आल्या
तेव्हा आम्ही औरंगाबादला, घाटीत.
रात्रीचे पावणेतीन. मोबाइल चार टक्के.
जिन्यात बसलो होतो, पायाखाली ओली फरशी,
कुणीतरी फिनाइलनं पुसून गेलेलं,
आणि ते वर आलं, सत्तावीस वर्षांनी,
आडात गळ फिरवता फिरवता
बुडालेल्या बादलीची कडी लागावी तसं:
तू पाण्यातून जाशील तेव्हा मी —

पुढं काही नाही.
मी काय? अडवीन? आटवीन?
तिला उचलून पलीकडे ठेवीन?
मला हवा तो प्रत्येक शब्द लावून पाहिला.
एकही बसेना.

आत्याला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.
तिला आता रात्र काय आणि दिवस काय.
मी तेवढंच म्हणालो, तेव्हा मी.
"सोबत," ती म्हणाली. "सोबत असेन. एवढंच हाय रे तिथं.
पाणी नसंल, असं कुठं लिहिलंय?"
मोबाइल बंद पडला.

तबिथा अकराव्या दिवशी घरी आली.
म्हणून ही कविता नाही.
शेजारच्या खाटेवरचा परभणीचा जुनैद घरी गेला नाही.
त्याची आई रात्रभर तोंडातल्या तोंडात तिचं काही म्हणत होती,
तिच्याकडेही ते आधीचंच असणार,
लहानपणी कुणीतरी समोर बसवून दिलेलं.
पहाटे आम्ही एकाच नळावर तोंड धुतलं.
तिनं माझ्या ओंजळीत पाणी घातलं.
मी तिला काही समजावलं नाही.
एका शब्दावर उभा होतो. हलत होतो, पण उभा.

आता रविवारी दुपारी आत्या म्हणते,
मी पुस्तक धरून तपासतो.
एखादा शब्द चुकतो, मी सांगतो,
ती अजून कपाळावर मारून घेते.
तबिथा शेजारी असते, नऊ वर्षांची.
परवा तिनं विचारलं, "पप्पा, कुठलं पाणी?"
आत्याचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला, मग माझ्याकडे.
शब्द जिभेवर आला होता.
मी पेरू चिरला, मीठ लावलं, जास्तीचं.
म्हटलं, "आधी पाठ कर. पूर्ण."